प्रमाण एकास चोवीस

सकाळची कोवळी उन्हे पडली आहेत. रस्त्याच्या कडेला गोलसर पाठीची, जुन्या घडणीची एक मोटार उभी आहे. तिच्या मागे दुकानांची रांग, दुकानांच्या मागे पाने गळालेली उंच झाडे आणि त्यांच्याही पलीकडे फिकट निळे आकाश. रस्त्यावर माणूस मात्र एकही नाही. छायाचित्र पाहणारा सहज म्हणतो, हे १९५०च्या आसपासचे अमेरिकेतील एखादे लहान गाव असावे.

मग त्याच जागेचे दुसरे छायाचित्र समोर येते. ते थोडे मागे सरकून घेतलेले असते. त्यात दिसते एक साधे घडीचे टेबल. टेबलावर वीतभर लांबीची मोटार आणि गुडघ्याएवढ्या उंचीची दुकाने मांडलेली. झाडे आणि आकाश तेवढे खरे. बाकी सारा गाव उचलून घरी नेता येईल एवढा. पाहणारा क्षणभर स्तब्ध होतो आणि पुन्हा पहिले छायाचित्र हाती घेतो. आता त्याला सत्य ठाऊक असते, तरीही डोळा त्या गावावर विश्वास ठेवतोच.

या गावाचे नाव एल्गिन पार्क. नकाशावर ते कोठेही नाही. मायकेल पॉल स्मिथ या अमेरिकन कलावंताने ते आपल्या हातांनी वसवले आणि छायाचित्रांतून जगाला दाखवले.

एका एकाकी मुलाचे गाव

स्मिथ यांचे बालपण पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्युइक्ली या गावी गेले. पोलादाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या पिट्सबर्ग शहराजवळ, ओहायो नदीच्या काठी हे गाव आहे. शाळेत त्यांना इतर मुलांकडून फार त्रास सहन करावा लागला. पुढील आयुष्यातही खिन्नतेच्या आजाराने त्यांची पाठ सोडली नाही, हे त्यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितले आहे. तरुणपणी ते मॅसॅच्युसेट्स राज्यात आले आणि उत्तरायुष्यात बोस्टनजवळील विंचेस्टर येथे राहिले. उदरनिर्वाहासाठी त्यांनी नाना कामे केली. पाठ्यपुस्तकांसाठी चित्रे काढली, संग्रहालयांतील मांडणी केली, भिंतींना कागद लावले, टपाल वाटले, प्रतिकृती घडवल्या. यांतील कोणत्याच कामाने त्यांना कीर्ती मिळाली नाही. परंतु प्रत्येक कामातून हाताला आणि डोळ्याला काहीतरी शिकवण मिळत गेली आणि ती सारी शिदोरी एल्गिन पार्कच्या उभारणीत उपयोगी पडली.

त्यांच्याजवळ धातूच्या सुमारे ३०० लहान मोटारी होत्या. स्टुडबेकर, पॅकार्ड, ब्यूक, प्लीमथ अशी एकेकाळी घराघरांत घेतली जाणारी नावे त्यांत होती. यांपैकी पॅकार्ड मोटारींचे उत्पादन १९५८ मध्ये थांबले, स्टुडबेकरचे १९६६ मध्ये. रस्त्यावरून नाहीशी झालेली ही वाहने त्यांच्या टेबलावर नांदत होती. मोटारी बहुतेक तयार घेतलेल्या. घरे, दुकाने, पेट्रोलपंप मात्र त्यांनी पातळ फळ्या, प्लास्टिकचे पत्रे आणि कागद कापून स्वतः बांधले. हे गाव म्हणजे स्युइक्लीची हुबेहूब नक्कल नव्हे, तर आठवणीतील भावनेला दिलेला आकार आहे, अशी त्यांची भूमिका होती. ज्या बालपणाने त्यांना दुखावले, त्याच्याविषयी कडवटपणा बाळगण्याऐवजी त्यांनी त्यातील उजेड, शांतता आणि दारापुढची मोटार एवढेच वेचून घेतले.

महाजालावर ही छायाचित्रे लक्षावधी लोकांनी पाहिली. २०११ आणि २०१५ मध्ये त्यांची पुस्तके निघाली. २०१८ मध्ये स्मिथ यांचे निधन झाले.

डोळ्याला फसवणारे गणित

या छायाचित्रांत संगणकाची जोडकाम-कारागिरी नव्हती. कॅमेराही साधा, खिशात मावणारा होता. सारी किमया प्रमाणाच्या गणितात होती आणि व्यापारी घरातील मुलाला ते गणित चटकन समजेल इतके सोपे आहे.

एकास चोवीस या प्रमाणात खऱ्या वस्तूचा एक फूट म्हणजे प्रतिकृतीत अर्धा इंच. सोळा फूट लांबीची मोटार आठ इंचांची होते, सात फुटांचे दार साडेतीन इंचांचे आणि सहा फुटांचा माणूस अवघ्या तीन इंचांचा. चोवीस पटींनी लहान असलेली वस्तू चोवीस पटींनी जवळ ठेवली, तर ती मूळ वस्तूएवढीच भासते. म्हणजे टेबलावरील मोटार भिंगापासून तीन फुटांवर असेल, तर चित्रात ती बहात्तर फुटांवर उभ्या असलेल्या खऱ्या मोटारीएवढी दिसेल. तिच्या मागे त्याहून पुष्कळ दूर असलेली खरी झाडे किंवा खरे घर आले, की दोन्ही जगे एका रेषेत जुळतात. टेबलाची मागची कड खऱ्या रस्त्याच्या रेषेवर नेमकी बसवली, की मधली जमीन झाकली जाते आणि सांधा दिसत नाही.

माणसाला दोन डोळे असल्यामुळे अंतर कळते. कॅमेऱ्याला एकच डोळा असतो, म्हणून तो फसतो. मात्र त्याला योग्य उंचीवर ठेवावे लागते. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाची नजर जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर असते. एकास चोवीसच्या जगात ती अडीच इंचांवर येते. भिंग त्या उंचीला नेले, तरच मोटार मोटारीसारखी वाटते. नवशिक्याची पहिली चूक येथेच होते. तो उभा राहून वरून छायाचित्र घेतो आणि चित्रात खेळणे ते खेळणेच राहते.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. उघड्यावर छायाचित्र घेतल्यास प्रतिकृतीवर आणि मागील खऱ्या झाडांवर एकाच सूर्याचे ऊन पडते. दोहोंच्या सावल्या एकाच दिशेला जातात आणि डोळ्याला शंका येत नाही. तिसरी गोष्ट स्पष्टतेची. मोठ्या, महागड्या कॅमेऱ्यात जवळची वस्तू स्पष्ट केली की दूरची धूसर होते, आणि त्या धूसरपणामुळेच लहानपण उघडे पडते. लहान कॅमेऱ्यात, आजच्या मोबाइलमध्येही, जवळचे आणि दूरचे पुष्कळसे एकाच वेळी स्पष्ट येते. या कामापुरते साधे साधनच अधिक उपयोगी ठरते. मोबाइलमध्ये मागचा भाग धूसर करणारी सोय असल्यास ती तेवढी बंद ठेवावी.

काही गोष्टी मात्र कोणत्याही प्रमाणाला जुमानत नाहीत. पाण्याचा थेंब लहान मोटारीवर पडला तरी थेंबाएवढाच राहतो आणि टपावर तो घागरीएवढा दिसतो. म्हणून ओला रस्ता दाखवायचा असेल, तर जाणकार पाण्याऐवजी चकचकीत वार्निशचा पातळ हात देतात. धुळीचा एक कण या जगात दगड होतो. बोटाचा ठसा बॉनेटभर पसरतो. जे एरवी नजरेआड होते, ते येथे पाहावेच लागते.

घडवण्याची शिस्त

तयार मोटार विकत घेण्यापेक्षा सुट्या भागांची मोटार जोडणे हा या छंदाचा गाभा होय. पेटीत प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले अनेक लहान भाग येतात. ते पिळून तोडायचे नसतात. बारीक कात्रीने अलगद सोडवून, काप उरला असेल तेथे बारीक पॉलिश-कागदाने घासायचे असतात. साच्याचा तेलकटपणा निघावा म्हणून सारे भाग साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवतात. मग करड्या अस्तराचा पातळ थर आणि त्यानंतर रंग.

रंगाच्या कामात घाई करणाऱ्याची मोटार लगेच ओळखू येते. एक जाड थर दिला, तर दारांच्या फटी बुजतात, कोपऱ्यांत रंग साचतो. तीन-चार पातळ थर द्यावेत, प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा, आणि मधल्या काळात हात आवरून धरावा. काचांसाठी प्लास्टिक विरघळवणारा किंवा झटपट चिकटणारा गोंद वापरला, तर त्यांवर पांढुरके धुके चढते. तेथे लाकडाला वापरतात तो पांढरा गोंदच बरा. नंबरपट्टीचे आणि चिन्हांचे कागद पाण्यात भिजवून, सरकवत जागेवर बसवावे लागतात. फार चकाकणारी मोटार छायाचित्रात खेळण्यासारखी दिसते, म्हणून शेवटी चाकांवर थोडी धूळ, पायऱ्यांवर थोडी झीज दाखवली जाते. वापरलेली वस्तूच खरी वाटते, हा धडा त्यातून मिळतो.

शाकाहारी आणि अहिंसानिष्ठ घरांनी एक बाब ध्यानात ठेवावी. बारीक कामासाठी नावाजलेले काही कुंचले मुंगसासारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याच्या शेपटीच्या केसांचे असतात. कृत्रिम तंतूंचे उत्तम कुंचले आता सहज मिळतात. दुकानदाराला विचारून तेच घ्यावेत. फवारणीचे रंग आणि तीव्र वासाचे गोंद उघड्या खिडकीजवळच वापरावेत, आणि धारदार पाते लहान मुलांच्या हाती एकटे असताना देऊ नये. बाहेर छायाचित्र घेताना जमिनीवर आडवे होण्यापूर्वी तेथील किडामुंगी पाहून घ्यावी, हे वेगळे सांगावयास नकोच.

खेळण्यापासून स्मृतीपर्यंत

लहान मोटारींचा इतिहास व्यापाराशी घट्ट जोडलेला आहे. लिव्हरपूल येथील मेकॅनो कंपनीने आपल्या खेळण्यातील आगगाड्यांच्या शेजारी शोभाव्यात म्हणून मोटारी काढल्या आणि १९३४ पासून त्या ‘डिंकी टॉइज’ या नावाने विकल्या जाऊ लागल्या. त्या आगगाड्यांत एक फुटाला सात मिलिमीटर हे माप होते. त्यातूनच एकास त्रेचाळीस हे आज विचित्र वाटणारे प्रमाण रूढ झाले. १९५३ मध्ये लंडनच्या लेस्नी कंपनीने ‘मॅचबॉक्स’ मोटारी बाजारात आणल्या. त्यांची जन्मकथा अशी सांगितली जाते की, कंपनीतील एका भागीदाराच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे नेण्याची मुभा होती. पित्याने तिच्यासाठी तेवढे यंत्र घडवले आणि त्यातून एक मोठा धंदा उभा राहिला. पुढे डिंकीचे काही जुने साचे कोलकात्यात आले आणि तेथे ‘निकी टॉइज’ या नावाने मोटारी निघाल्या. अनेक भारतीय घरांच्या माळ्यावर त्यांतील एखादी रंग उडालेली मोटार अजूनही सापडेल.

स्मिथ यांच्या टेबलावरील प्लीमथ पाहताना जैन वाचकाला आणखी एक नाव आठवल्यावाचून राहणार नाही. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात १८८२ मध्ये जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. मुंबईतील कुर्ला येथील त्यांच्या कारखान्यातून स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, डॉज आणि प्लीमथ या अमेरिकन बनावटीच्या मोटारी जोडून बाहेर पडू लागल्या. एल्गिन पार्कच्या कल्पित रस्त्यावर उभी असलेली मोटार आणि कुर्ल्याच्या फाटकातून निघालेली मोटार ही एकाच कुळातील भावंडे होत. त्याच कारखान्यातील फियाटला १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. काळ्या-पिवळ्या रंगात तिने मुंबईच्या कित्येक पिढ्यांना बाजारपेठेत, स्थानकावर, इस्पितळात आणि लग्नमंडपात पोहोचवले. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यावरून कायमची निवृत्त झाली.

ज्या घरात आजोबांची पद्मिनी होती, त्या घरातील नातवाला आज ती दाखवणार कोठे? चार मीटरांहून किंचित लहान असलेली ती मोटार एकास चोवीस प्रमाणात सुमारे सोळा सेंटीमीटरांची होते. आजोबांनी रंग सांगावा, आजीने मागच्या काचेतील पडद्याचे कापड आठवावे, वडिलांनी जुन्या दुकानाच्या पाटीवरील अक्षरे लिहून द्यावीत आणि नातवाने ते सारे पुठ्ठ्यात, रंगात उभे करावे. दुकान विकले गेले असेल, पेठेचा रस्ता रुंद झाला असेल, फळ्यांच्या दारांऐवजी तेथे आता लोखंडी शटर असेल. तरीही गादी कोठे होती, तिजोरी कोणत्या भिंतीला होती, दारात तराजू कोठे टांगलेला असे, हे विचारण्याचे निमित्त या छंदाने मिळते. मोजमाप घ्यायचे म्हटले की आठवण नेमकी होते, आणि नेमक्या आठवणीसाठी वडीलधाऱ्यांजवळ बसावेच लागते.

प्रतिकृती आणि परिग्रह

लहान रूपात मोठे सत्य पाहण्याची दृष्टी जैन परंपरेला नवी नाही. अजमेर येथील सोनीजींची नसियां पाहिलेल्यांना तेथील सुवर्णनगरी विसरता येत नाही. सेठ मूलचंद सोनी यांच्या घराण्याने उभारलेल्या या मंदिरात १९ व्या शतकाच्या अखेरीस भगवान आदिनाथांच्या पंचकल्याणकांचे दर्शन घडवणारी प्रतिकृती बसवण्यात आली. सोन्याच्या वर्खाने झळकणारी अयोध्या, सुमेरू पर्वत, आकाशात तरंगणारी देवांची विमाने. ग्रंथात वाचलेले सारे तेथे डोळ्यांपुढे उभे राहते. ती भक्तीची रचना आहे. छंदाशी तिची तुलना करणे योग्य नव्हे. परंतु जे डोळ्यांना दिसू शकत नाही ते लहान रूपात घडवावे आणि त्यातून मनात मोठे करावे, ही वाट एका व्यापारी घराण्यानेच तेथे दाखवून दिली आहे.

तरीही घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात एक प्रश्न उठेल आणि तो रास्त आहे. हा पैशाचा आणि वेळेचा अपव्यय नव्हे काय? श्रावकाने निरर्थक उद्योगापासून दूर राहावे, वस्तूंना मर्यादा घालावी, अशी शिकवण असताना कपाटे भरून मोटारी कशासाठी?

या छंदाच्या दोन वाटा आहेत, हे येथे ओळखले पाहिजे. एक वाट साठवण्याची. बाजारात नवी मालिका आली की ती घ्यायची, पेटी उघडायची नाही, कारण बंद पेटीला पुढे भाव येतो. दुर्मीळ रंगाची मोटार दुसऱ्याकडे आहे आणि आपल्याकडे नाही, या विचाराने रात्रीची झोप उडते. हा छंद म्हणायचा की धंदा, आणि धंदा म्हटला तर किती शहाणपणाचा, याचा निर्णय प्रत्येकाने करावा. दुसरी वाट घडवण्याची. तिच्यात एक मोटार दोन महिने पुरते, कारण ती मिळवायची नसून समजून घ्यायची असते.

तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवर नव्हे, तर मनातील आसक्तीवर केलेली आहे. गृहस्थाला सर्वत्याग शक्य नसतो, म्हणून त्याच्यासाठी परिग्रह-परिमाणाचे व्रत सांगितले. परिमाण म्हणजे माप, मर्यादा. मोटारीची प्रतिकृती करणाराही मापानेच बांधलेला असतो. त्याने तेच माप स्वतःच्या कपाटालाही लावावे. एक फळी ठरवावी. ती भरली, की नवी मोटार येण्यापूर्वी एक जुनी कोणा मुलाच्या हाती द्यावी. कामाला बसण्याची वेळही ठरवावी. ठरल्या वेळी कुंचला धुऊन ठेवता आला, तर छंद आपल्या हाती आहे. ठेववत नसेल, तर आपण छंदाच्या हाती गेलो आहोत. स्मिथ यांच्याजवळ ३०० मोटारी होत्या हे खरे, पण त्यांचे गाव नेहमी एका टेबलाएवढेच राहिले. छायाचित्र झाले की ते मोडले जाई, टेबलाची घडी घातली जाई आणि पुढच्या वेळी तेच सामान नव्या मांडणीत येई.

आज मुलांच्या हातातील पडद्यावर दर क्षणाला चित्र बदलते. त्याच मुलाला अडीच इंचांच्या उंचीवर डोळा नेऊन, ऊन येण्याची वाट पाहत, श्वास रोखून एक छायाचित्र घ्यायला लावले, तर त्याच्या हाती एकाग्रता नावाची गोष्ट प्रथमच लागेल. हीच एकाग्रता पुढे खातेवहीत, अभ्यासात आणि स्वाध्यायात उपयोगी पडणारी आहे.

रिकामा रस्ता

एल्गिन पार्कच्या छायाचित्रांत माणसे का नाहीत? पाहणाऱ्याने स्वतःला त्या जागी उभे करावे, म्हणून स्मिथ यांनी ती जागा जाणीवपूर्वक मोकळी ठेवली. ज्या मुलाला एकेकाळी शाळेच्या अंगणात जागा नव्हती, त्याने मोठेपणी एक संपूर्ण गाव वसवले आणि त्याचे दार कोणालाही बंद केले नाही. त्या गावात कोणी कोणाला चिडवत नाही, कोणाचा हिशेब थकलेला नाही. मोटार दारात उभी आहे, दिवस नुकताच उजाडला आहे.

असे एक टेबल प्रत्येक घरात असते. बहुधा त्यावर वर्तमानपत्रांची रद्दी पडलेली असते. ती उचलून, एका रविवारी, आजोबांना त्यांच्या पहिल्या मोटारीचा रंग विचारण्यापासून आरंभ करता येईल.